गोरेगावात समुद्र

शुक्रवार, रात्र

सांगली स्टेशनवर महालक्ष्मीची वाट बघत उभा होतो. बगलेत रिकामं थर्माकोलचं खोकं. बाकावरचे एक आजोबा बराच वेळ त्या खोक्याकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "काय आणाय निघालाय?"

"मासं."

"मासं मिरजंत मिळत्यात की."

"खायाचं न्हाईत, पाळायचं."

आजोबांनी मान फिरवली ती गाडी येईपर्यंत परत वळवली नाही.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. सांगलीत कृष्णा आहे, हळद आहे, द्राक्षं आहेत. समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची. तरी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये २०० लिटर खारं पाणी आहे. त्यात खडक, खडकावर मऊ प्रवाळ आणि दिवसा कधीच न दिसणारी एक कोळंबी. दर रविवारी मी २० लिटर आरओच्या पाण्यात पाऊण किलो मीठ घालतो, ते रात्रभर ढवळत ठेवतो आणि टाकीतलं तेवढंच पाणी काढून हे नवं भरतो. लोक रविवारी मटण आणतात.

गोरेगावला शोभेच्या माशांचं प्रदर्शन होतं, त्यात रीफवाल्यांचा, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळणाऱ्यांचा, वेगळा विभाग. दोन दिवस प्रदर्शन, एक दिवस मुंबई, असा बेत. निघताना बायकोने शर्टाच्या खिशात चिठ्ठी घातली. गाडीत उघडून बघितली. एकच शब्द होता: बॅटरी.

शनिवार

दादरला उतरून पूल ओलांडला, चर्चगेट स्लो पकडली आणि चर्नी रोडला उतरलो. आत्या गिरगावातल्या चाळीत राहते, आतोबा निवृत्त झाल्यापासून गॅलरीत राहतात असं म्हटलं तरी चालेल. चहाबरोबर आत्याने विचारपूस सुरू केली आणि मी काय बघायला आलोय हे कळल्यावर म्हणाली, "अरे, मग तारापोरवाला मत्स्यालय चालू होतं तेव्हा नाही आलास कधी! इथून चालत पाच मिनिटं."

मी तिच्या बोटातल्या अंगठीकडे बोट दाखवलं. "आत्या, हे पोवळं म्हणजे पण प्रवाळच. भूमध्य समुद्रातला. माझ्याकडचे मऊ आहेत, त्यांचे हे लांबचे भाऊबंद."

"गुरुजींनी मंगळासाठी दिलंय," ती म्हणाली. विषय संपला.

बोरिवली स्लोमध्ये बसायला जागा मिळाली म्हणून फास्टचा मोह सोडला. गोरेगाव पूर्वेला शेअर रिक्षा, तिकिटाची रांग, हातात कागदी पट्टा. हॉलचा तीन चतुर्थांश भाग गोड्या पाण्याच्या माशांचा होता. कपाळावर टेंगूळ आलेले फ्लॉवरहॉर्न, वास्तूसाठी म्हणून विकले जाणारे अरोवाना, हिरवळ लावलेल्या टाक्या आणि त्यांच्यापुढे सेल्फीवाले. ते सगळं मी लग्नात आहेर देऊन पंगतीकडे सटकणाऱ्यासारखं ओलांडलं.

रीफचा कोपरा लांबूनच ओळखू येतो, कारण तिथे सगळं निळं असतं. एलईडीचा निळा प्रकाश पडला की प्रवाळातली रंगद्रव्यं चमकायला लागतात. हिरवा पोपटी होतो, नारिंगी निखाऱ्यासारखा दिसतो. माणसं मात्र नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रात उभी असल्यासारखी दिसतात. मोबाईलच्या कॅमेऱ्याला हा निळा झेपत नाही, म्हणून जो तो लेन्सपुढे नारिंगी फिल्टर धरून फोटो काढत होता. आमची आई साडी कधीही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करत नसे. दाराशी नेऊन उन्हात धरायची. मी प्रत्येक स्टॉलवर तेच केलं: "जरा पांढरा लाइट लावता का?" तिघांनी लावला. एकजण म्हणाला, "सर, घरी तुम्ही निळाच लावणार ना?" त्याचंही बरोबरच होतं, पण मी पुढे सरकलो.

झोआंथिड नावाचे प्रवाळ, म्हणजे आमच्या भाषेत झोआ, पॉलिपवर, म्हणजे एकेक फूल मोजून, विकले जातात. छोट्या गोल बुंध्यावर बटणाएवढी फुलं, त्यांच्या कडेने बारीक झालर. विक्रेता काडीने एक, दोन, तीन, चार असं मोजतो आणि भाव सांगतो. अर्धवट फुटलेलं बाळ पॉलिप धरायचं की नाही यावर घासाघीस होते. त्यांची नावं तर विचारू नका: सनी डी, ईगल आय, रास्ता. रास्ताच्या चार पॉलिपचा भाव ऐकून मी खरोखरच रस्ता धरला.

दुपारी त्याच झोआंचे तुकडे कसे करायचे याचं प्रात्यक्षिक होतं. दाखवणारा ठाण्याचा मुलगा, विशीतला असेल. त्याने आधी हातमोजे चढवले, मग गॉगल. मागून कुणीतरी हसलं. मुलगा थांबला आणि म्हणाला, "हसा, पण घरी हे केल्याशिवाय ब्लेड लावू नका." त्याने सांगितलं ते प्रत्येक झोआ पाळणाऱ्याला पाठ हवं. याच कुळातल्या पॅलिथोआ नावाच्या प्रवाळात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. बोटाला चीर असेल किंवा रस डोळ्यात उडाला तर दवाखाना ठरलेला. सगळ्यात धोक्याचं म्हणजे नको असलेला खडक साफ करायला उकळत्या पाण्यात घालणं. वाफेबरोबर विष हवेत जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडतात. मग त्याने दगडाची खपली ब्लेडने उचलली. पॉलिप झटकन मिटले आणि चिकट स्राव सुटला, भेंडी चिरताना सुटतो तसा. मिठाच्या पाण्यात बुचकळून तो धुतला, सिरॅमिकच्या बारक्या बटणावर सुपरग्लू जेलचा मोत्याएवढा थेंब ठेवला आणि तुकडा दाबून धरला. तो गोंद पाण्यातच पकडतो. वीस सेकंदांत काम झालं. हसणाऱ्या माणसाने शेवटी हातमोजे कुठे मिळतात ते विचारलं.

कडक, दगडी प्रवाळ एकाही स्टॉलवर उघड मांडलेला नव्हता, आणि नसणारच. २००१ पासून खडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मेलेला सांगाडा विकणंही गुन्हा. पूजेच्या दुकानात 'इंद्रजाल' म्हणून काळी जाळीदार फांदी फ्रेम करून मिळते ना, ती याच यादीतली. तरी एका ठिकाणी मला बाजूला घेऊन मोबाईलवर फोटो दाखवले गेलेच. "कांडी हवी असेल तर बोला, कुरिअर होतं." फोटोतला दगडी अ‍ॅक्रोपोरा सुंदर होता हे कबूल करतो. या छंदातली निम्मी भांडणं या कुजबुजीवरून होतात आणि बाकीची निम्मी मीठ कोणतं चांगलं यावरून. मी नाही म्हटलं. त्यात माझं शौर्य काही नाही. दोन वर्षं वाढवून शेवटी घाबरत जगायचं, ते मला जमत नाही.

चिठ्ठीचं काम राहिलंच होतं. कोपऱ्यातल्या एका स्टॉलवर बॅकअपच्या पेट्या होत्या. वीज गेली की वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा पंप, आपोआप बॅटरीवर जाणार.

"किती वेळ चालतो?"

"चोवीस तास, सर."

पेटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. म्हणजे ८४ वॉट-तास. पंप कमी वेगातही ५ वॉट खाणार. भागाकार सोळा-सतरा तासांचा, आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, तेव्हा हातात दहा-बारा. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, एवढा वेळ लाइट कुठे जातो आता?"

२०१९ च्या ऑगस्टात गेला होता. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी लागलं आणि गावभर अंधार झाला. इन्व्हर्टर पहिल्या रात्री संपला. तेव्हा टाकी जेमतेम वर्षाची होती. मासे भुकेने मरत नाहीत, ते पाणी हललं नाही म्हणून मरतात. पृष्ठभाग हलला तरच हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो, आणि खाऱ्या कोमट पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी मावतो. म्हणून तांब्या घेऊन बसलो. भरायचा, हातभर उंच धरायचा, ओतायचा. दहा मिनिटं ओतायचं, पाच मिनिटं थांबायचं. रात्री दोन ते चार बायकोची पाळी. खाली पाण्यात कुणाचं तरी सिलिंडर भिंतीवर आपटत होतं, ठण्‌, ठण्‌, आणि वर आम्ही तांब्याने समुद्र ढवळत होतो. तिसऱ्या दिवशी नाव आली आणि आम्हाला जावं लागलं. आठवड्याने परतलो तेव्हा दार उघडायच्या आधी जिन्यातच वास आला.

हे त्याला सांगितलं नाही. "बघतो," म्हणालो.

रविवार

रविवार म्हणजे ब्लॉक. फास्ट गाड्या स्लोवर, स्लो गाड्या देवाच्या भरवशावर. गोरेगावला पोहोचेपर्यंत पहिलं व्याख्यान अर्धं झालं होतं. ते क्लाऊनफिशच्या, म्हणजे सिनेमातल्या निमोच्या, पैदाशीवर होतं आणि जेवढं ऐकलं तेवढ्याने तिकीट वसूल झालं.

क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला मोठा तो मादी होतो, आणि मादी मेली की तिचा नवरा मादी होऊन बसतो. मातीच्या कुंडीच्या पोटात किंवा फरशीवर नारिंगी अंडी चिकटवली जातात. त्यांना पंखांनी वारा घालायचं काम नराचं. आठवडाभराने अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. पिल्लाचं तोंड इतकं बारीक की त्याला रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम जाणवणारे जीव लागतात. रोटिफर जगवायला हिरवं शेवाळाचं पाणी वाढवावं लागतं. शेवाळाला खत, उजेड, हवा. म्हणजे माशाच्या आधी माशाच्या जेवणाच्या जेवणाची शेती. व्याख्याते म्हणाले, पिल्लं मेली तर आधी स्वयंपाकघर बघा. केरळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) हे तंत्र बसवलं. आपल्याकडे ऐरोलीला मॅंग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाऊनफिशची पैदास होते आणि किनाऱ्यावरच्या गावांतल्या बचत गटांना पिल्लं वाढवायला देतात. खाडीकाठची बाई निमो वाढवून विकते, ही बातमी मला कुठल्याही नव्या लाइटपेक्षा मोठी वाटली.

दुसरं व्याख्यान पाण्यातल्या कॅल्शियम आणि अल्कलिनिटीवर. सगळ्यांनी वह्या काढल्या. कॅल्शियम ४२० च्या आसपास, अल्कलिनिटी आठ ते नऊ, क्षारता ३५. वक्त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर: आकडा कोणता धरता याला फार किंमत नाही, तो रोज तोच राहतो का ते सांगा. आज आठ, उद्या दहा, परवा साडेसात असं झालं की प्रवाळ तोंड फिरवतात. त्यासाठी परदेशी डब्यातली पूड विकायला होती, नाव 'काल्कवासर'. जर्मन शब्द. काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी. अहो, चुन्याची निवळी! लहानपणी आजी कॅल्शियम वाढावं म्हणून पोरांना द्यायची ती. शेजारी बसलेला माणूस कानात पुटपुटला, "सांगलीकर, पानवाल्याकडून डबी घ्या, काम होतंय." नाही होत, कारण पानाच्या चुन्यात काय काय मिसळलेलं असतं ते पानवाल्यालाही ठाऊक नसतं. स्वच्छ खाण्याच्या दर्जाचा चुना हवा. एका लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या वर तो विरघळत नाही. वरची नितळ निवळी तेवढी घ्यायची आणि उडालेल्या पाण्याच्या जागी थेंब थेंब सोडायची. एकदम ओतली तर पाणी दुधासारखं होतं आणि मग रडायला माणसं जमवावी लागतात.

पुटपुटणारे गृहस्थ डोंबिवलीचे निघाले. पुढे सगळा दिवस आम्ही बरोबरच होतो. मी त्यांना विचारलं, "तुम्ही मुंबईच्या एवढं जवळ राहता, समुद्राचं पाणी आणून वापरता का?" ते हसले. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, सांडपाणी, पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून क्षारता खाली. चांगलं पाणी हवं तर होडीने आत जायचं. त्यापेक्षा बादली विकत घेतलेली बरी. ती मिठाची बादली २२ किलोची होती. भांडुप-कांजूरला मिठागरं असलेल्या शहरातून मी परदेशी मीठ सांगलीला नेणार होतो. पण मिठागरातलं मीठ इथे चालत नाही. खाजण वाळताना कॅल्शियम आधीच जिप्सम होऊन तळाला बसतं, मग मीठ पडतं, आणि मॅग्नेशियम असलेलं कडवट पाणी शेवटी सोडून देतात. उरतं ते आमटीत घालायचं. प्रवाळांना सगळं हवं असतं, समुद्रात असतं त्याच मापात. बादली इचलकरंजीच्या एका ओळखीच्याने आपल्या गाडीतून न्यायचं कबूल केलं, नाहीतर ती घेऊन लोकलमध्ये चढण्याचा प्रसंग लिहायला मी उरलो नसतो.

संध्याकाळी, स्टॉल आवरायला लागल्यावर भाव खाली येतात, तेव्हा क्लाऊनफिशची जोडी घेतली. दीड-दोन इंची. एकाचा मधला पांढरा पट्टा पाठीपासून निघून पोटाआधीच संपलेला. असा अर्धवट पट्टा बहुतेक वेळा टाकीत जन्मलेल्या माशात दिसतो, म्हणून मला तोच हवा होता. विक्रेत्याने दाणे टाकले आणि दोघे धावून आले. समुद्रातून पकडलेला मासा दाण्याकडे बघत बसतो, काही देशांत तर तो सायनाइड मारून गुंगवून पकडलेला असतो. हे दोघे खादाड होते. पसंत.

आणि बॅटरी? माशांवर, मिठावर आणि दोन टेस्ट किटवर पैसे गेल्यावर मोठी पेटी परवडेना. तिच्याशेजारी एक छोटा, चार्ज होणारा एअर पंप होता, मुठीएवढा. वीज गेली की आपोआप सुरू होतो. "किती तास?" "चोवीस, सर." या वेळी भागाकार केला नाही. करायला हवा होता.

आत्याच्या मोरीत झाकणाची बादली, तिच्यात स्टॉलवरूनच आणलेलं दहा लिटर पाणी, दोन मासे आणि प्लगला लावलेला नवा पंप. आतोबा खुर्ची घेऊन बादलीपाशी बसले. "हे रात्री झोपतात का रे?"

"झोपतात. एकाच कोपऱ्यात, डुलत."

"मग लाइट घालवतो," म्हणाले आणि बाहेर जाईपर्यंत अंधारात बसून राहिले.

सोमवार

कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात जायचं राहिलं, कारण सकाळी आत्याने तारापोरवाला दाखवायचं ठरवलं होतं. बंद असलेलं कसं दाखवणार? "बाहेरून," ती म्हणाली. चर्नी रोडचा पूल उतरून मरीन ड्राइव्हला आलो. १९५१ साली उघडलेली ती इमारत, पारशी दात्याच्या नावाची. २०१५ मध्ये नूतनीकरण करून बारा फुटी अ‍ॅक्रिलिकचा बोगदा बसवला होता, त्याखालून लोक माना वर करून चालायचे. आत्याला बोगदा आठवत नव्हता, तिला त्याच्या आधीचं आठवत होतं. "आत गार अंधार असायचा. आणि काचेला नाक लावलं की पहारेकरी ओरडायचा. तुझा बाप एकदा रडला होता, कासव आपल्याकडे बघतंय म्हणून." बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. फाटकापाशी आम्ही पाच मिनिटं उभे राहिलो. मग तिला भाजी घ्यायची होती.

दुपारी चार वाजता महालक्ष्मी स्टेशनवर डोंबिवलीकर भेटले. अमावास्या नुकतीच झालेली, त्यामुळे समुद्र सहाच्या सुमारास खूप मागे जाणार होता. ते सांगत होते की २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर फिरवून आणतात. त्यांच्याबरोबर दोनदा गेल्यावर आपली नजर तयार झाली. रेसकोर्सच्या कडेने चालत हाजीअलीला आलो. दर्ग्याची वाट पूर्ण उघडी पडली होती, डोक्यावरून कोस्टल रोडच्या गाड्या जात होत्या. आम्ही खाली खडकांवर उतरलो.

"चपला नकोत म्हटलं होतं ना," ते माझ्या पायांकडे बघून म्हणाले. मी बूट घातले होते, पण गुळगुळीत तळाचे. पाच पावलांत एकदा बसलोच.

पहिल्यांदा काही दिसत नाही. काळा खडक, चिखल, निर्माल्याची पिशवी, गुटख्याची पुडी, अडकलेली गणपतीच्या मुकुटाची जरी. वास येतो तो समुद्राचा कमी आणि शहराचा जास्त. मग ते म्हणाले, "आता जिथे पाय ठेवणार आहात तिथे बघा."

खडकाच्या उतारावर बोटभर जाडीचा गालिचा होता. मळकट तपकिरी, चामड्यासारखा, आणि त्यावर शेकडो टोकं, शिवून टाकलेल्या बटणांसारखी मिटलेली. अंगात वाळूचे कण रुतलेले. वाळू आपल्याच कातडीत घेऊन ते अंग टणक करतात. पॅलिथोआ. शेजारी डबक्यात, पाणी उरलं होतं तिथे, दुसरे झोआ उघडे होते. हिरवट झालर, मधोमध फिकट तोंड. मी काडीने मोजणाऱ्या विक्रेत्यासारखा मोजायला लागलो आणि चाळीसवर सोडून दिलं. एका खडकावर माझ्या सगळ्या टाकीपेक्षा जास्त होते.

"हातमोजे नाहीत, हात लावू नका," डोंबिवलीकर म्हणाले. मी हात मागे घेतला.

पिशवीत क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर होता, सवयीने. डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरला. ३७. दिवसभर उन्हात पाणी उडून वाढलेला आकडा. थर्मामीटर बुडवला, २९ अंश. माझ्या टाकीत हे आकडे दिसले असते तर मी रजा टाकली असती. आणि हे रोज दोनदा पाण्याबाहेर येतात, उन्हात तापतात, पावसाळ्यात अंगावर गोडं पाणी घेतात, वर महानगराचं सांडपाणी. काल ज्या वक्त्याने आकडा स्थिर ठेवा म्हणून तासभर सांगितलं तो चुकीचा नव्हता. माझ्या २०० लिटरमध्ये दुसरा उपाय नाही. तरी त्याला इथे आणून या डबक्यापाशी उभं करायला मला आवडलं असतं.

थोडं पुढे, खडकाच्या पोटाशी, त्यांनी टॉर्च मारला. रुपयाच्या नाण्याएवढा करडा ठिपका, त्यावर खाचांच्या बारीक चांदण्या. "हा तुमचा शेड्यूल वन." मुंबईचा दगडी प्रवाळ. कोस्टल रोडच्या कामाआधी, २०२० च्या अखेरीला, हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरचे असे प्रवाळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उचलून दुसरीकडे बसवले होते. हा इथलाच, मागे राहिलेला की नंतर वाढलेला, कोण सांगणार. मोबाईलवर पाहिलेल्या त्या अ‍ॅक्रोपोरापुढे हा अगदीच गरीब दिसत होता. आम्ही दोघं गुडघे टेकून त्याच्यापुढे बसलो होतो आणि वरून दर्ग्याला चाललेली दोन पोरं विचारत होती, "अंकल, क्या गिरा?"

साडेसहाला पाणी वळलं. खाचेतून एक पातळ जीभ आत आली आणि मिटलेल्या बटणांवरून गेली. उघडतात का ते बघायला थांबायचं होतं, पण महालक्ष्मी स्टेशनवरून जाऊन महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायची होती.

मंगळवार, पहाट

गिरगावात पाऊण तासात बांधाबांध. खोक्यात जाड पिशवी, पिशवीत आठ लिटर पाणी आणि मासे, झाकणाला भोक पाडून पंपाची नळी आत. आतोबा टॅक्सीपर्यंत खोकं धरून आले.

डब्यात रात्रभर पंपाची घुरघुर चालू होती. वरच्या बर्थवरच्या बाईंनी कर्जतच्या आसपास विचारलं, "तुमचा फोन व्हायब्रेट होतोय का?" सांगितल्यावर त्या खाली उतरून मासे बघून गेल्या आणि मग त्यांनी तक्रार केली नाही.

घुरघुर थांबली तेव्हा मी जागा झालो. आवाज बंद झाल्यानेच जाग आली. कराड नुकतं गेलं होतं. घड्याळ बघितलं, नऊ तास आणि थोडं. बटण दाबलं, लाल दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. चार्जरचा प्लग दाराशी होता, त्यात कुणाचा तरी मोबाईल लावलेला, आणि त्याच्याखाली ते कुणीतरी गाढ झोपलेले.

दोन इवल्या माशांना आठ लिटर पाण्यात दीड तास काहीही होत नाही. हे मला नीट माहीत आहे. तरी खिडकीत ठेवलेला चहाचा कागदी कप घेतला, विसळला, झाकण उघडलं. भरला, वीतभर वर धरला, ओतला. अंधारात मासे दिसत नव्हते, पाण्याचा आवाज तेवढा येत होता. किर्लोस्करवाडीला कप भिजून फाटला. समोरच्या माणसाने झोपेतच आपल्या डब्याचं स्टीलचं झाकण काढून दिलं, काही न विचारता.

सांगलीला बायको स्टेशनवर आली होती. माझ्या ओल्या बाह्यांकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं.

"बॅटरी आणलीस?"

मी खिशातून तो मुठीएवढा पंप काढून तिच्या हातात दिला. तिने बटण दाबून बघितलं.